टोकाच्या खोलीची गॅलरी

“बाबा, फुंकू नका, थुंकी उडते!”

रघुनाथ घाडीने तोंड मिटलं. करी रोडच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, त्याचा मुलगा चंदू लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. आजचा दर दहा मिनिटांनी आपणहून बंद पडत होता.

“संप करतो काय?” रघुनाथने विचारलं. गिरणीचा संप होऊन सतरा वर्षं झाली, तरी बंद पडलेल्या यंत्राकडे तो आपुलकीने बघायचा.

“तापतो. ही चिप म्हणजे प्रोसेसर. सगळं काम हाच करतो. त्याच्यावर हा ॲल्युमिनियमचा हीटसिंक. चिपचा ताप हा ओढून घेतो, पात्यांत पसरवतो, पंख्याचा वारा तो घेऊन जातो. पात्यांत धूळ बसली की वारा फिरत नाय. मग जळण्याआधी मशीन स्वतःच बंद.”

“एवढी पाती कशाला? जाड ठोकळा नाय चालत?”

“वाऱ्याला जेवढं अंग लागेल, तेवढा ताप जातो.”

रघुनाथला हे एकदम पटलं. मागावर त्याने अठरा वर्षं काढली होती. सूत तुटू नये म्हणून विणकाम खात्याच्या खिडक्या बंद असत. माणूस तुटला तर बदली कामगार मिळत असे. संपात गिरणी गेली आणि दिवसाचा वारा पहिल्यांदा अंगाला लागला, तो या गॅलरीत. खोली टोकाची, त्यामुळे पुढून कोणी जात-येत नसे. संपात युनियनला काही मिळालं नाही. रघुनाथला एक खुर्ची टाकण्यापुरती जागा मिळाली.

ती गॅलरी आता चंदूला काच लावून बंद करायची होती. धूळ थांबली असती, आणि पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं.

“अरे, गॅलरी म्हणजे आपल्या खोलीचा हीटसिंक,” रघुनाथ म्हणाला. “बंद केलीस तर आतली माणसं तापतील.”

“माणसं जळत नाहीत, बाबा.”

“बंद पडतात.”

चंदू खाली वाकून स्क्रू शोधू लागला. स्टोव्हपाशी बसलेली नलू नवऱ्याला म्हणाली, “अहो, सून येतली. ती निजतली खय? त्या पात्यांत?”

विज्ञान रघुनाथच्या बाजूने होतं; सून नलूच्या.

दुपारी काचवाला आला. “काका, जरा उठता?”

रघुनाथ उठला. खुर्ची घडी करून आत नेली.

“सरकती काच की फिक्स?”

चंदूने बापाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या मशीनकडे. “फिक्स. धूळ नको.”

मापाच्या टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. रघुनाथने धरलं. टेपला मध्ये चांगलाच झोळ पडला होता. काचवाल्याचं लक्ष नव्हतं. तो आकडा लिहायला लागला. त्या मापाने कापलेली काच मोठी होऊन चौकटीत बसलीच नसती. काम आठवडाभर तरी लांबलं असतं.

“थांब,” रघुनाथ म्हणाला, आणि त्याने टेप ताणून सरळ धरली. “आता वाच.”