न बांधलेल्या रणगाड्याचा आवाज

वॉशिंग मशीनच्या पोटाला दोन माइक चिकटवून ती कानाला हेडफोन लावून उभी होती. माइक नाण्याएवढे. त्यांना हवेतलं काही ऐकू येत नाही. ज्याला चिकटवाल त्याच्या अंगातली थरथर तेवढी पकडतात. मशीनमध्ये ओल्या जीन्स आणि नवऱ्याचे जुने बूट गरगरत होते.

"मोडलं म्हणजे तुझं ऑफिस नवं घेऊन देणार आहे वाटतं," सासूबाई नातवाला कडेवर घेऊन दारात आल्या.

तिने एक कान मोकळा केला. "बोला खुशाल, आई. या माइकला माणसांचं बोलणं ऐकू येत नाही."

"म्हणजे तुझ्यासारखाच आहे."

ती हसली, पण हसता हसता नजर गुंड्याच्या छातीवर गेली. दीड वर्षाचं ते पोर आजीची माळ तोंडात घालत होतं. छाती वर, खाली. वर, खाली. ठीक होतं. किंवा ठीक दिसत होतं.

ती व्हिडिओ गेमसाठी आवाज बनवायची. गेममध्ये आता जर्मनांचा ई-१०० येणार होता: दुसऱ्या महायुद्धातला अवाढव्य रणगाडा, जो प्रत्यक्षात कधी पुरा झालाच नाही. एकच सांगाडा बांधायला घेतला. वरचा फिरता बुरूज बसलाच नाही. वरून काम थांबवायचा हुकूम आला आणि शेवटी म्हणे तीनच कामगार ते धूड कसंबसं जोडत राहिले. युद्ध संपलं, जिंकणाऱ्यांनी सांगाडा उचलून नेला आणि पुढे भंगारात काढला. गेममध्ये मात्र तो डौलात चालणार होता, तोफ डागणार होता. त्याचा आवाज कसा असावा हे तिने ठरवायचं होतं, आणि त्याबद्दल कुणाला तसूभर शंका नव्हती. तिचा साहेब, ज्याला सगळे सेनापती म्हणत आणि ज्याने सगळ्या लढाया खुर्चीत बसून मारल्या होत्या, तो तिला कानसेन म्हणायचा. "कानसेन म्हणेल तो आवाज खरा."

घरी मात्र कानसेनचं कुणी ऐकत नव्हतं. गुंड्याचा खोकला जाऊन बरेच दिवस झाले होते, पण झोपेत श्वास सोडताना बारीक शीळ वाजायची. दारं घट्ट लावली तरी फटीतून वारा यावा तशी. मुलांच्या डॉक्टरांकडे दोनदा नेलं. स्टेथोस्कोप दिसताच पोराने असं काही भोकाड पसरलं, की डॉक्टर बिचारे काय ऐकणार? सर्दी उतरतेय, म्हणाले, वाफ द्या. नवरा म्हणाला, "मागे तुला फ्रिज आजारी वाटला होता. मेकॅनिक येऊन हसून गेला."

फ्रिजचं खरं होतं. त्याआधी गॅसच्या वासाचंही. लांडगा आला रे आला इतक्यांदा करून झालं होतं, की आता तिचं तिलाच कळेनासं झालं होतं.

दुपारी गुंड्या झोपला. संध्याकाळपर्यंत फाइल द्यायची होती. ती कामाला बसली. एक माइक मशीनच्या मोटारीजवळ होता, दुसरा कपडे फिरतात त्या पिंपाजवळ; एक डाव्या कानात, दुसरा उजव्या. दोन्हीकडची घरघर निराळी. मधूनच ती उठे, आत जाऊन वाकून ऐकून येई, पुन्हा बसे. चौथ्यापाचव्यांदा उठली तेव्हा दुसरीकडे लावायला काढलेले माइक आणि चिकटपट्टी हातातच राहिली होती. तिथेच तिला सुचलं.

गुंड्या पालथा निजला होता. तिने एक माइक पाठीच्या डाव्या बाजूला लावला, एक उजव्या, आणि रेकॉर्डिंग चालू केलं.

डावीकडे श्वास भरून येत होता, भरून जात होता. उजवीकडे तो निम्माच. आणि सोडताना, शेवटी शेवटी, शीळ.

माइक खराब असेल. तिने त्याच्या पाठीचा घाम पुसला, माइक अदलाबदल करून लावले. शीळ माइकबरोबर गेली नाही. उजवीकडेच राहिली.

"माझ्या नातवाचा रणगाडा करतेस की काय?" सासूबाई मागे उभ्या होत्या.

"आई, चप्पल घाला. दवाखान्यात जायचंय."

तिच्या चेहऱ्याकडे बघून सासूबाईंनी चपला पायात सरकवल्या. नवऱ्याला तिने रेकॉर्डिंग पाठवलं. त्याचा फोन आला, "मला तर पंखा वाटतोय गं." तिने वाद घातला नाही. जिना उतरताना सेनापतीचा फोन आला.

"कानसेन, फाइल?"

"आज नाही होणार."

"अगं, खेळाडू डोळ्यांत प्राण आणून बसलेत."

"बसू देत. ऐंशी वर्षं त्याला कुणी ऐकलेलं नाही. आणखी एक दिवस."

दवाखान्यात तिने रेकॉर्डिंग लावलं आणि डॉक्टरांनी हेडफोन चढवले. ऐकलं. भुवया जवळ आल्या.

"परत लावा. उजवी बाजू कुठली?"

"शीळ येते ती. माइक बदलून बघितले मी."

गुंड्या अजून तिच्या खांद्यावर गाढ झोपला होता. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप तळहातावर चोळून गरम केला आणि हलकेच पाठीला टेकवला. मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"खाताना कधी ठसका लागला होता? शेंगदाणा वगैरे?"

"नाही," ती म्हणाली.

"लागला होता," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता. "माझ्या वाटीतला दाणा उचलला त्याने. पाठीवर थोपटलं, लगेच हसायला लागला. तुला हाक मारली होती गं मी. तू हेडफोन लावून बसली होतीस."

तिने सासूबाईंचा हात धरला. तो गार पडला होता.

"दाणा उजवीकडच्या श्वासनळीत अडकला असावा. एक्स-रेमध्ये तो दिसेलच असं नाही," डॉक्टर चिठ्ठी लिहीत म्हणाले. "भूल देऊन नळीने बघावं लागेल. मोठ्या हॉस्पिटलात मी फोन करतो, सरळ तिकडेच जा. आता तोंडात काही देऊ नका. पाणीसुद्धा नाही."

आपलं कुणीतरी खरं मानावं म्हणून ती इतके दिवस तळमळत होती. आता वाटलं, यांनी हसावं. म्हणावं, काही नाही हो, भास होतात तुम्हाला.

टॅक्सीत गुंड्या जागा झाला. पाण्याची बाटली दिसली तसा हात पुढे करून रडायला लागला. सासूबाईंनी बाटली पिशवीत तळाशी कोंबली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

"मुलाला जरा गप्प करा की," ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला.

"रडू दे त्याला," ती म्हणाली आणि तिने गुंड्याच्या पाठीवर, उजव्या बाजूला, हात ठेवला. "तुम्ही गाडी हाका."