वीस, सात नाण्यांत

"वीस, सात नाण्यांत," सून म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

सासूबाईंनी गल्ल्यात बोटं घातली. नजर समोर रस्त्यावर, जणू हे काम डोळ्यांचं नव्हेच. एक दहाचं, चार दोनची, दोन एकची, असं मनाशी म्हणत त्यांनी ती सुनेच्या हातावर ठेवली. सुनेने तळहातावर मोजली, "बरोबर आहे, आई," म्हणत नाणी परत गल्ल्यात टाकली आणि ती मागे पाइपांच्या घडवंचीकडे गेली. तिथून सासूबाईंच्या मुलाचा दबका आवाज आला.

"आज काय?"

"बरोबर."

डोळे अधू झाले होते, कान नव्हेत. सासूबाईंनी ते दोन शब्द मनात गाठ मारून ठेवले.

नळ आणि पाइपांचं हे दुकान नवरा गेल्यापासून त्यांनी गल्ल्यावर बसून चालवलं होतं. आख्ख्या बाजारात त्यांना 'काकू' म्हणत, आणि काकूंना फसवणारा अजून जन्माला यायचाय, असंही म्हणत. त्यांच्या गल्ल्याला खण नव्हते. सगळी नाणी एकाच ड्रॉवरमध्ये मिसळलेली. खण केले की चोराला आयती वाट मिळते. इथे हात घालणाऱ्याला निदान शोधावं तर लागेल, असा त्यांचा हिशेब. दुकानात नवीन माणूस आला की त्या पहिल्याच दिवशी त्याला हे कोडं घालत. एवढे पैसे, एवढ्याच नाण्यांत, झटपट. सुनेलाही घातलं होतं. बिचारी घामाघूम झाली होती.

आता तीच सून रोज सकाळी म्हणे, "आई, मला तुमच्यासारखा हात शिकायचाय. तुम्ही करून दाखवा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि आत्ता हिला हौस आली? काहीतरी पाणी मुरतंय, हे सासूबाईंना केव्हाच कळलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या. नस वाळत चाललीय, चष्म्याने भागणार नाही, असं ऐकून त्यांनी कागद पर्समध्ये घातला आणि घरी येऊन चहा केला. कुणाला सांगायचं? सांगितलं की मुलगा म्हणणार, आई, आता घरी आराम कर. गल्ल्यावरून उठवलेल्या बाईला घरी कोण विचारतं? त्या खिडकीशी बसून भाजी निवडणार, आणि तीही सून पुन्हा निवडणार.

शिवाय सुनेचा खिसा वाजत होता. हल्ली कुर्त्याच्या खिशात ती सुटे घेऊन फिरे. ती जवळून गेली की खुळखुळ. हिच्याकडे सुटे कुठून येतात? पण रात्री हिशेब तर पैशाला पैसा जुळत होता. तेही सासूबाईंना खटकलं. इतका कसा जुळतो?

मग त्यांनी डाव टाकला.

"पंचवीस, चार नाण्यांत," दुसऱ्या दिवशी सून म्हणाली.

यात दहाचं नाणं हवंच. सासूबाईंनी ते चाचपून बाजूला सारलं आणि चारही बारकी नाणी हातावर ठेवली. चूक ढळढळीत होती. आता ही नवऱ्याला हाक मारेल आणि मग मी दोघांनाही चांगलं सुनावेन, अशा तयारीत त्या बसल्या.

सुनेने तळहातावरची नाणी दोनदा मोजली.

"बरोबर आहे, आई."

सासूबाई चक्रावल्या. गल्ला बळकवायचाय, तर संधी का सोडली? की मोजताच येत नाही बयेला? दिवसभर त्या कान लावून राहिल्या.

दुपारी नेहमीचा प्लंबर आला. नळाची चावी घेतली, नोट दिली. काकूंनी बोटांनी सुटे निवडले. एकाचं आणि दोनाचं आता बोटांना सारखंच लागे; इतकी वर्षं पाइपांचे आटे चाचपून बोटांची टोकंही निबर झाली होती. तो पायरी उतरला तशी सून उठली.

"आलेच हं."

खिसा खुळखुळला. पायरीशी प्लंबर हसला. "वहिनी, आजपण?"

"हळू बोला ना. हे घ्या तुमचे राहिलेले."

सासूबाईंनी ड्रॉवर लोटला. आजपण. म्हणजे काल, परवा, त्याच्या आधीही. त्यांनी एकदाच मुद्दाम चूक केली होती. बाकीच्या सगळ्या आपोआप झाल्या होत्या आणि त्यांना एकीचाही पत्ता नव्हता. बाजारात काकूंचा दरारा होता तो या पोरीच्या खिशातून चालला होता. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. नेमका कुणाचा, ते कळेना.

सून आत आली.

"कधीपासून?"

तिने खिशातला हात बाहेर काढला. मग म्हणाली, "उन्हाळ्यापासून."

"पैसे कुणाचे?"

"माझ्या शिवणाचे. कुणाला जास्त जातात, कुणाला कमी; रात्री गल्ला जुळवून ठेवते. फार नाही लागत."

"आणि त्याला रोज खोटं सांगतेस?"

"ते म्हणाले, चुकली की सांग, आईला घरी बसवू." सुनेने उगाच काउंटर पुसला. "तुम्ही घरी बसलात तर दिवसभर माझे डबे उघडून बघाल, आई. त्यापेक्षा इथे बऱ्या."

सासूबाईंना हसू आलं. ते त्यांनी नाक शिंकरून झाकलं.

रात्री जेवताना त्यांनी डॉक्टरांचा कागद मुलाच्या ताटाशी ठेवला. "माझे डोळे चाललेत. उद्यापासून गल्ल्यावर दोन स्टुलं." तो काही बोलणार होता. "तुला विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

सकाळी प्लंबर पुन्हा आला. "काकू, या नोटेतून वीस परत द्या. सुटेच द्या."

त्यांनी शेजारच्या स्टुलाकडे तोंड वळवलं. "सात नाण्यांत."

सून ड्रॉवरमध्ये शोधू लागली. तिला वेळ लागला. मग तिने सासूबाईंच्या हातावर एकेक नाणं ठेवलं, आणि त्या ओठांतल्या ओठांत मोजत गेल्या. सात झाली. सवयीने अंगठा पहिल्या नाण्याच्या कडेवर गेला, तो त्यांनी उचलून घेतला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि न चाचपताच नाणी प्लंबरच्या हातावर ओतली.