शून्य उंचीची झाडं

संस्थेत तिला सगळे लेसरबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. अकरा वर्षं तिनं एकच काम केलं होतं. उपग्रहावरून जमिनीवर लेसरचा झोत सुटतो, खाली आदळतो आणि परत वर जातो. झाडाच्या शेंड्यावरून परतलेला उजेड आधी पोचतो, जमिनीवरचा मागाहून. त्या दोन्हींतल्या फरकावरून झाडाची उंची काढायची, आणि अशा लाखो ठिपक्यांचा नकाशा करायचा.

घनदाट जंगलात हे काम त्या मानानं सोपं. तिच्या वाट्याला आला होता तो सवानाचा प्रदेश: कमरेएवढं गवत, मधूनच एखादं उंच झाड, आणि त्यांच्यामध्ये गुडघ्याएवढी, छातीएवढी असंख्य बुटकी झाडं. तिथे गवतावरून परतलेला उजेड आणि जमिनीवरून परतलेला उजेड एकमेकांत असे मिसळत, की बुटकं झाड त्यात पार हरवून जाई. म्हणून तिनं ठरवलं की तीन मीटरच्या खाली यंत्र जे सांगतं त्यावर भरवसा ठेवायचा नाही. अशा प्रत्येक ठिकाणी तिनं शून्य लिहिलं, आणि फाइलच्या सुरुवातीला टीप घातली: शून्य म्हणजे झाड नाही असं नव्हे, शून्य म्हणजे सांगता येत नाही.

नकाशा प्रसिद्ध होऊन दीड वर्ष झालं असेल. एका सकाळी ती कामाला बसते न बसते तोच मोजणीवाल्या काकांचा फोन आला. काका संस्थेच्या नोकरीत तिच्याही आधीपासून होते. उपग्रहाचे आकडे खरे की खोटे हे पडताळायला जमिनीवर पट्टी आणि काठी घेऊन झाडं मोजणारा माणूस लागतो, तो माणूस म्हणजे काका.

"ताई, इथे माणसं आलीत. लाल झेंडे रोवतायत," काका म्हणाले. "आपल्या मोजणीच्या सतरा नंबरच्या पट्ट्यातसुद्धा."

"कशाला?"

"म्हणतात, जमीन नांगरून झाडं लावायचीत. मी म्हटलं, झाडं आहेत की. तर त्यातला एक म्हणाला, कागदावर नाहीत."

ती उठून विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. सर खुशीत होते. नियोजन विभागाचा अहवाल त्यांच्या टेबलावर कालच आला होता. "तुझाच नकाशा वापरलाय त्यांनी. आपल्या संस्थेचं नाव दोनदा आलंय," असं म्हणत त्यांनी तो तिच्यापुढे सरकवला.

तिनं उभ्याउभ्याच पानं चाळली. नकाशा तिचाच होता. रंग बदलले होते, आणि जिथे तिनं शून्य लिहिलं होतं तो सगळा भाग पांढरा केला होता. कोपऱ्यातल्या चौकटीत पांढऱ्या रंगापुढे लिहिलं होतं: वृक्षहीन, पडीक. टीप कुठेच नव्हती. तिनं शेवटच्या पानापर्यंत शोधली, मग मागून पुढे शोधली.

"सर, हे चुकीचं वाचलंय त्यांनी."

सरांनी चष्मा काढला. "मग पत्र लिही. पण जपून लिही. आपलाच नकाशा चुकला असं वाटायला नको."

तिनं पत्र लिहिलं आणि उत्तराची वाट न पाहता तिसऱ्या दिवशी स्वतःच नियोजन विभागात जाऊन बसली. उपसंचालकानं तिला फार ताटकळत ठेवलं नाही. माणूस सभ्य होता. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं, मधे बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, एक गोष्ट लक्षात घ्या. आम्ही झाडं तोडायला निघालेलो नाही, लावायला निघालोय. झाडं लावू नका, असं एका झाडांच्या अभ्यासकानं सांगायचं म्हणजे मी वर काय उत्तर देऊ?"

"तिथे झाडं आहेत. आत्ता. छातीएवढी आहेत, पण जुनी आहेत. दरवर्षी वणव्यात वरचा भाग जळतो आणि मुळांतून पुन्हा फुटतो."

"किती आहेत?"

हेच तर तिला सांगता येत नव्हतं.

"तुमच्या नकाशात शून्य आहेत," उपसंचालक हळू आवाजात म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "मला दुसरा नकाशा आणून द्या, मी तो बैठकीत ठेवतो. किती दिवस लागतील?"

तिनं मनात हिशेब केला. गवत वाळून बसतं आणि झाडांवर पानं असतात असे वर्षात जेमतेम पाच आठवडे मिळतात. त्या वेळचे ठिपके वेगळे काढायचे, काकांच्या मोजणीशी ताडून पाहायचे. "सहा महिने."

"नांगरणी नऊ तारखेला सुरू होतेय," तो म्हणाला, आणि खरंच वाईट वाटल्यासारखा खिडकीबाहेर पाहू लागला.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावून स्वतः बोलायचा, घरी मात्र ऐकायचा.

"यात तुझी चूक कुठेय?" त्यानं विचारलं.

"शून्य मीच लिहिलंय."

"मग काय लिहायला हवं होतंस?"

"रकाना रिकामा सोडायला हवा होता."

तो म्हणाला, "मग त्यांनी रिकामंच वाचलं असतं गं."

यावर तिला हसू आलं, आणि मग हसता हसता डोळे भरून आले.

आठ तारखेला ती रजा टाकून सवानात पोचली. काका सतरा नंबरच्या पट्ट्यात तिची वाट पाहत होते. त्यांच्या हातात कुदळ होती. त्यांनी तिला मांडीएवढ्या उंचीच्या एका झाडापाशी नेलं. करंगळीएवढी दोन खोडं, त्यांवर पाचपन्नास पानं. काकांनी त्याच्या बुडाशी माती उकरली. हातभर खाली गेल्यावर मूळ लागलं. ते माणसाच्या मांडीहून जाड होतं, काळंभोर, गाठींनी भरलेलं.

"हे माझ्या आजोबांच्या वेळचं असेल," काका म्हणाले. "वरून काय दिसणार? मलाच वीस वर्षं कळलं नव्हतं."

तिनं त्या मुळावर हात ठेवला. ते गार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आले, एकूण चार. मागे खोल जाणारे नांगर. पहिला पट्ट्याच्या कडेशी आला तेव्हा ती आणि काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. तसं काही ठरलं नव्हतं. चालकानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. तिशीतला माणूस, डोक्याला रुमाल बांधलेला.

"बाजूला व्हा बाई, लागेल कुठे."

"इथे झाडं आहेत."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "आहेत की. पण मला दिलेल्या कागदावर मोकळी जमीन लिहिलीय."

"तो कागद माझ्या नकाशावरून केलाय."

"मग बदला ना."

"बदलतेय. वेळ लागेल."

सावली नव्हतीच, तरी चालक ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसला. काकांनी त्याला पाणी दिलं. पाऊण तास तिघंही तशीच होती. तिनं सरांना फोन लावला, सर बैठकीत होते. उपसंचालकाला लावला, त्यानं उचलला आणि सांगितलं की तोंडी सांगण्यावरून काम थांबवायचा अधिकार त्याला नाही; लेखी आदेश वरून यावा लागेल, आणि वरचे अधिकारी परदेशात आहेत. मग चालकाचा फोन वाजला. तो बराच वेळ नुसता हो हो म्हणत राहिला.

"मला जावं लागेल," तो उठत म्हणाला. "तुम्ही उभ्या राहा हवं तर. मी तुमच्या बाजूनं वळवतो."

आणि त्यानं तसंच केलं. दुपारपर्यंत ती दोघं उभी होती तेवढा बैलगाडीएवढा तुकडा सोडून बाकी सगळं उलथून झालं होतं. मुळं वर आली होती, मातीसकट, एकमेकांवर पडलेली. काकांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं आणि वही तशीच मिटून टाकली. शेवटी काकाच म्हणाले, "चला ताई. किती वेळ उभ्या राहणार?" दोघं तिथून निघाली, आणि त्यांच्या मागे तोही तुकडा गेला.

नवा नकाशा तिनं पाच महिन्यांतच पुरा केला. रविवारही पाळला नाही. त्यात त्या पट्ट्यांमध्ये एकरी शेकडो झाडं निघाली. उपसंचालकानं शब्द पाळला, नकाशा बैठकीत ठेवला. बैठकीनं त्याची नोंद घेतली आणि पुढच्या टप्प्यात विचार करू असं ठरवलं. पुढच्या टप्प्यात दुसराच प्रदेश होता, डोंगराळ, तिथे तिच्या नकाशाचा उपयोग नव्हता.

तीन वर्षांनी पडताळणीचं काम पुन्हा संस्थेकडे आलं. सतरा नंबरच्या जागी आता एकाच जातीच्या झाडांच्या सरळ रांगा होत्या. काका निवृत्तीला आले होते. ते पहिल्या रांगेशी थांबले आणि पट्टी तिच्या हातात देत म्हणाले, "हे तुम्हीच करा ताई. मला नका सांगू."

तिनं मोजलं. चार मीटर दहा. पुढचं चार मीटर पाच. तिसरं पुन्हा चार दहा. उपग्रहाचे आकडेही तेच सांगत होते, इतके अचूक की तिच्या साऱ्या नोकरीत कधी जुळले नव्हते. फॉर्मवर एकच प्रश्न होता: वृक्षांच्या उंचीत वाढ झाली आहे का? दोन चौकटी, होय आणि नाही.

ती गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून बराच वेळ उभी राहिली. लिहायला दुसरी जागा कुठेच नव्हती. वाढ तर झालीच होती. तिनं होय वर खूण केली, खाली सही केली, आणि काका कुठे गेले ते पाहायला लागली. ते रांगांच्या पलीकडे, अजून न नांगरलेल्या गवतात, पाठमोरे उभे होते.