चार पस्तीसची बाटली

विमान तिकडून बरोबर चारला उडालं. इकडच्या छोट्या विमानतळावर ती खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. नव्या नोकरीवर रुजू व्हायला ती आठ दिवस आधी आली होती. आज तिची आई ठकीला घेऊन येत होती.

ठकी तिची लेक, नऊ महिन्यांची. तिचा ठणकणारा कान नुकताच बरा झालेला. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, पण बजावलंही होतं, "विमान उतरताना तोंडात बाटली हवी. दूध गिळत राहिली की कान दुखायचा नाही."

मग तिने नेटवर शोधलं. दोन विमानतळांमधलं अंतर तीनशे नव्वद किलोमीटर, उड्डाण पंचावन्न मिनिटं. म्हणजे विमान उतरायला लागेल तेव्हा, चार पस्तीसला बाटली. निघण्याआधीच तशी चिठ्ठी तिने बाटलीच्या पिशवीवर चिकटवून ठेवली होती. दूध एकाच बाटलीपुरतं.

चार पंचावन्न झाले. पाच झाले. आभाळात एक घार तेवढी फिरत होती. ती उठून काउंटरवरच्या माणसाकडे गेली.

"येईल सव्वापाचपर्यंत, ताई."

"पण नेटवर पंचावन्न मिनिटं लिहिलंय."

"ते नकाशावर पट्टी ठेवून काढतात. मोठ्या विमानाच्या वेगाने. आपलं हे पंख्याचं. डोंगराला वळसा घालतं, मग उतरतं. पट्टीला डोंगर कुठे दिसतोय?"

तीस वर्षं शाळेत शिकवलेली आई, मिनिटाची पक्की. पस्तीस म्हणजे पस्तीसलाच बाटली दिली असणार. पावणेपाचला ती रिकामी. आणि विमान उतरायला लागणार ते पाचच्या सुमारास. आत्ता ठकी कान धरून किंचाळत असेल, आणि हे सगळं आपल्याच अक्षरात लिहिलेलं.

सव्वापाचला विमान टेकलं. दारातून माणसं एकेक करून बाहेर येत होती, रमतगमत, जणू कुणाला काही घाईच नाही. सगळ्यांत शेवटी आई. खांद्यावर ठकी, गाढ झोपलेली, हनुवटीवर दुधाचा ओघळ.

"रडली का गं?"

"कोण, मी?"

"आई, चेष्टा नको. पस्तीसला दिलीस ना बाटली?"

"कसलं पस्तीस? तुझी चिठ्ठी वाचायला चष्मा लागतो. चष्मा बॅगेत, बॅग वरच्या कप्प्यात, आणि विमानातल्या त्या बाई पट्टा सोडू देईनात. शेवटी माझ्या कानांना दडे बसले. म्हटलं, हिच्याही बसले असतील. दिली बाटली."

तिने तरीही ठकीच्या कानाला हळूच बोट लावून पाहिलं. मग दुसऱ्याला.

"उठवशील तिला," आई म्हणाली.

"सुट्टीत परत जाताना खरा वेळ किती लागतो, विचारून येते." तिने काउंटरकडे वळून पाहिलं.

"ये विचारून," ठकीला दुसऱ्या खांद्यावर घेत आई म्हणाली. "पण मला सांगू नकोस."