नवांनी न भागणारी कोटी

नागोजीराव शिडीवर उभे राहून फलकावरचं शेवटचं शून्य रंगवत होते. १,००,००,०००. विठ्ठलनाम लेखनाची कोटी पुरी झाली म्हणे. उद्या सगळी पानं देवळाच्या नव्या चौथऱ्याखाली ठेवायची.

मी खालूनच म्हटलं, "अण्णा, नेमकी कोटी येणारच नाही हो."

"एनु, काय हे सोयरक्का? ऐन वेळी अपशकुन करतीस होय?"

"आपल्या पानात एकशेआठ चौकोन, एका चौकोनात एक नाव. अर्धं पान आपण घेत नाही. मग एकूण आकडा नवांनी भागलाच पाहिजे. त्यातले अंक मिळवून बघा, नऊ यायला हवेत. तुमचा तर एकच येतो. एका पानानं कोटी ओलांडेल, नाहीतर अलीकडंच राहील."

ही पारख आमच्या ह्यांनी शिकवलेली. नजरबादच्या दुकानात चाळीस वर्षं पँटी शिवल्या, पण जीव आकड्यांत.

"सुम्ने उगाच डोकं खाऊ नको. थोडी कमी होती, ती बन्नूरच्या भक्तांनी भरून दिली."

थोडी! पानं मीच मोजते. एकादशीपर्यंत शहाण्णव लाख एक हजार दोनशे नावं. अंक मिळवा, अठरा. पुन्हा मिळवा, नऊ. आठ दिवसांत चार लाख आली कुठून?

बन्नूरचा गठ्ठा सोडला. पहिलं पान पाहिलं, दुसरं, विसावं. एकच पान. तीच वाकडी अक्षरं, तिसऱ्या ओळीत तोच पसरलेला डाग.

अक्षर ह्यांचं होतं. उजवं अंग गेल्यावर डाव्या हातानं लिहायचे; एका पानाला दुपार व्हायची. लाळ गळायची, मी पदरानं टिपायचे. त्या दिवशी एक थेंब चुकला, शाईवर पडला. सहा वर्षं लाळ काढली, अंथरूण धुतलं, कधी किळस आली नाही. आता ती लाळ झेरॉक्सच्या काळ्या रंगात गठ्ठेच्या गठ्ठे पडली होती, आणि त्यांवर नागोजीरावांनी झेंडू ठेवला होता. सकाळचं तीर्थ घशाशी आलं. पायरीवर जाऊन मी ओकले.

"अय्यो, काय झालं?" नागोजीराव खाली उतरले. गठ्ठा सुटलेला दिसला तसे हसले. "हे बघ, विठोबा शाई बघत नाही. भाव बघतो, अल्वा?"

"ह्यांचंच पान का घेतलं?"

"वरतीच होतं ते."

मी आमच्या गठ्ठ्यातून ह्यांचं मूळ पान शोधायला लागले.

"काढू नको ग! कोटीत कमी पडेल!"

"पडू दे, अण्णा."

घरी येऊन हात तीनदा धुतले, तरी बोटांवरची झेरॉक्सची काळी भुकटी जाईना. माझं आजचं पान लिहायचं होतं. त्याशिवाय मी अन्न घेत नाही. ह्यांचं पान शेजारी ठेवलं, तिसऱ्या ओळीवरून बोट फिरवलं. डागापाशी कागद आकसून जरा वर आला होता. बन्नूरच्या गठ्ठ्यातली पानं मात्र सगळी सपाट होती.