धावत चढू नका

मी एक डबा बोलतोय. लांबलचक गाडीतला नव्हे. एकटाच धावणारा, मुळ्याच्या पाल्यासारखा हिरवा, दोन्ही टोकांना तोंड असलेला डबा. मागच्या महिन्यात महापालिकेने आमच्या भागातल्या उपनगरी गाड्यांची तुलना जाहीर केली आणि त्यात माझा नंबर शेवटचा आला. म्हणून मी बोलायला लागलोय. मला दोन तोंडं आहेत, तेव्हा जरा जास्तच ऐकून घ्यावं लागेल.

माझा जन्म ओसाकाजवळच्या एका कारखान्यातला. तेव्हा माझा रंग पिकल्या जांभळासारखा होता आणि त्यावर अशी चकाकी, की उतरता उतरता बायका माझ्यात बघून केस सारखे करायच्या. मोठ्या कंपनीच्या मोठ्या गाडीत मी मधला डबा होतो. नदीपलीकडून दुसऱ्या कंपनीची लाल गाडी पळायची. पुलाजवळ दोघींचे रूळ अगदी शेजारी यायचे, आणि मग काय विचारता! चालक एकमेकांकडे ढुंकूनही बघत नसत, पण कान दोघांचेही तापलेले असायचे. पोरं काचेला नाकं लावून ओरडायची, "हरव तिला, हरव!"

ही चुरस माझ्याही आधीची. जुने डबे सांगायचे, की आधी कंपनीने रूळ टाकले, मग रुळांच्या शेवटाला टेकड्या घेऊन घरं बांधली, आणि शहरातल्या टोकाला भलंमोठं दुकान काढलं. माणूस आमच्या घरात झोपायचा, आमच्या गाडीने जायचा आणि पगार झाला की आमच्याच दुकानात शिरायचा. लाल गाडीवाल्यांनीही तेच केलं. त्यांनी गाद्या मऊ केल्या की आम्ही मखमल लावायचो. आम्ही गार हवा आणली की त्यांची जाहिरात झळकायची, 'आता रुमाल घरीच ठेवा.' भांडण कंपन्यांचं आणि चैन माणसांची.

खोटं कशाला बोलू? दर्जा बघायचा तर तो तिथेच होता. फरशीवर कागदाचा कपटा दिसायचा नाही. गाडी अर्धं मिनिट उशिरा पोचली तरी चालक माइकवरून कळवळून माफी मागायचा. आणि फलाटावर दिवसभर एक वाक्य वाजायचं, "धोका आहे. कृपया धावत गाडीत चढू नका."

किती सभ्य वाक्य! पण त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. दार लागतंय, तुम्ही राहिलात. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण मागची गाडी लगेच यायची. राहिलेला माणूस घड्याळ बघायचा, टाय नीट करायचा आणि रांगेत उभा राहायचा.

मग माझी मखमल झिजली. नवे चकचकीत डबे आले आणि मला हिनाता लाइनने विकत घेतलं. ही लाइन म्हणजे टेकडीवरच्या वसाहतीपासून खाली कावासेगुचीच्या मोठ्या स्थानकापर्यंत लोंबणारा एक रूळ. एकेकाळी ती वसाहत तरुण जोडप्यांनी गजबजलेली होती. आता जोडपी म्हातारी झाली आणि त्यांची मुलं शहरात गेली. मला इथे दोन्ही टोकांना चालकाची खोली बसवली, वर हिरवा रंग फासला आणि सांगितलं, पळ.

माझ्या चालक सेगावाबाई. त्याही मोठ्या कंपनीतूनच आलेल्या. पहिल्याच दिवशी कामिझाका स्थानकावर त्यांनी सवयीने माइक उचलला आणि म्हणाल्या, "कृपया धावत गाडीत चढू नका." अख्खा डबा खो खो हसला. पुढच्या बाकावर कुरिताकाका बसतात. आयुष्यभर छत्र्या दुरुस्त केलेला आणि जीभ छत्रीच्या काडीइतकी टोकदार असलेला माणूस.

"अहो बाई," ते म्हणाले, "इथे धावल्याशिवाय चढतंय कोण? ही गेली की पुढची गाडी जेवणाच्या वेळेला!"

सेगावाबाई लालबुंद झाल्या. पण लवकरच त्या फलाट दाखवणाऱ्या आरशात बघायला शिकल्या. पायऱ्यांवर कुणी धावताना दिसलं की थांबायच्या. मग आम्हाला उशीर व्हायचा, आणि सवयीप्रमाणे त्या माइकवर म्हणायच्या, "उशीर झाल्याबद्दल मनापासून क्षमस्व."

"पुरे की!" कुरिताकाका ओरडायचे. "रोज माफी मागून घसा बसेल तुमचा. आम्हीच उशीर करतो आणि तुम्ही कसली माफी मागता?"

ज्यांच्यासाठी सगळ्यात जास्त थांबावं लागायचं त्या तोकुमारू आजी. कामिझाकाच्या फलाटाला टेकडीवरून लांब जिना उतरतो. आजींचे गुडघे गेलेले. हातात कापडात बांधलेला डबा, त्यात भोपळ्याच्या गोड फोडी आणि मऊ भात. त्यांचे यजमान कावासेगुचीच्या दवाखान्यात पडून आहेत आणि सकाळचं जेवण आजींच्याच हातून खातात. परिचारिकेने घास पुढे केला की तोंड मिटून घेतात. आजींची माझी गाडी चुकली की ते उपाशी राहतात. इतकं साधं आहे हे.

गेल्या पावसाळ्यानंतर महापालिकेला अचानक आमची आठवण झाली. लाइन चालू ठेवायची, की बंद करून खालच्या रस्त्याने बस सोडायची, हे ठरवायचं होतं. त्यासाठी आम्हाला शेजारच्या मोठ्या लाइनींशेजारी उभं करून जोखायचं ठरलं. वेग, गाद्या, स्वच्छता, वक्तशीरपणा. आमचे व्यवस्थापक घाबरून गेले. त्यांनी सेगावाबाईंना बजावलं, "पाहणी संपेपर्यंत कुणासाठीही थांबायचं नाही. वेळ झाली की दार बंद."

आणि सेगावाबाईंनी ऐकलं. नोकरी होती, आणि लाइन वाचवायची होती.

पहिल्याच सकाळी तोकुमारू आजी शेवटच्या पायऱ्यांवर होत्या आणि माझं दार लागलं. मी सुटलो. आजी फलाटावर आल्या, डबा छातीशी धरला आणि जाणाऱ्या मला कमरेत वाकून नमस्कार केला. चूक त्यांचीच असल्यासारखा! माझ्या चाकांपासून छतापर्यंत आग झाली. मोठ्या लाइनीवर राहिलेल्या माणसाला मागची गाडी होती. आजींना मागे काय होतं?

मग पाहणीचा दिवस उजाडला. महापालिकेचे नुमाता साहेब हातात घड्याळ घेऊन दाराशी उभे राहिले. व्यवस्थापक त्यांच्या मागे टोपी चुरगाळत होते. कामिझाका आलं. चढणारे चढले, वेळ झाली. आणि आरशात जिन्याच्या वरच्या टोकाला आजी दिसल्या. आम्हाला बघून त्यांनी पाय उचलला, गडबडल्या, कठडा धरला.

व्यवस्थापक खोकले. सेगावाबाईंनी माइक उचलला. बाहेरचा कर्णा चालू केला.

"धोका आहे," त्या म्हणाल्या. डब्यातल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. पुढचं वाक्य प्रत्येकाला पाठ होतं.

"तोकुमारू आजी, कृपया धावत गाडीत चढू नका."

मग त्यांनी श्वास घेतला.

"गाडी उभी आहे. सावकाश या."

मी उभा राहिलो. दारं सताड उघडी टाकून उभा राहिलो. इतक्या वर्षांत तेच वाक्य हजारदा ऐकलं होतं, पण त्याचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला. आजी एकेक पायरी उतरत आल्या, आत शिरल्या आणि चारी दिशांना वाकत म्हणाल्या, "माफ करा हं, माफ करा."

"बसा आधी," कुरिताकाका म्हणाले आणि स्वतः उठले.

नुमाता साहेबांनी घड्याळ पाहिलं. "उशीर झाला."

"सेगावाबाई, निवेदन!" व्यवस्थापक कुजबुजले. "क्षमस्वचं निवेदन!"

सेगावाबाईंनी पांढऱ्या हातमोज्यातलं बोट समोर रोखलं. "सिग्नल हिरवा. निघतोय." आणि निघाल्या. माइक खुंटीला तसाच राहिला. उशीर होऊनही माफी न मागणारी गाडी मी जन्मात पाहिली नव्हती, आणि ती मीच होतो!

नुमाता साहेब म्हणाले, "माफी राहिली वाटतं?"

"राहिली नाही साहेब, संपली," कुरिताकाका म्हणाले. "रोज रोज वाटली, शेवटी संपणारच."

डबा हसला. नुमाता साहेब हसले नाहीत. ते आपलं काम करत होते, त्यांच्यावर माझा राग नाही.

निकाल लागला. वेगात शेवटचे, वक्तशीरपणात शेवटचे, गाद्यांमध्ये शेवटून दुसरे. येत्या वसंतात लाइन बंद करावी अशी शिफारस झाली. बसचा थांबा खालच्या रस्त्यावर, आणि आजींचे गुडघे तिथपर्यंत पोचणार नाहीत हे टेकडीवरच्या मांजरांनाही ठाऊक आहे.

सेगावाबाई आजींसमोर गेल्या. डोळे भरले होते. "आजी, मी थांबले म्हणून..."

"तुम्ही थांबला नसतात तर पहिला नंबर आला असता का हो?" आजींनी विचारलं.

सेगावाबाईंनी खरंच विचार केला. "नाही. शेवटून दुसरा."

"मग झालं तर! तेवढ्यासाठी का मी धावू?"

त्या दिवसापासून टेकडीवर कुणी धावत नाही. म्हातारे नाहीत, शाळेची पोरं नाहीत. सगळे ठरवून सावकाश येतात आणि मी सगळ्यांसाठी उभा राहतो. रोज उशीर होतो. लिहा म्हणावं अहवालात.

आज नगरसभेत अखेरचा निर्णय आहे. सभा वेळेवर सुरू होईल, असं सभागृहातून कळवलं होतं. कुरिताकाकांनी उलट निरोप धाडला, "आम्ही शेवटच्या नंबरच्या गाडीने येतोय. थांबा."

आता मी कामिझाकाला उभा आहे. सगळी वसाहत आत दाटीवाटीने बसली आहे, उभी आहे, एकमेकांच्या पायांवर पाय देते आहे. माझ्या दोन तोंडांपैकी एक दवाखान्याकडे आहे आणि सभागृहही त्याच वाटेवर आहे. ते थांबतील की नाही, मला माहीत नाही. मला माझं माहीत आहे. जिन्यावर तोकुमारू आजी दिसताहेत, हातात कापडात बांधलेला डबा. वेळ कधीच टळून गेली आहे आणि आत कुणीही घड्याळ बघत नाही.

सेगावाबाईंनी माइक उचललाय.

"आजी, धावू नका."

माझं दार उघडं आहे.