आंद्वारीच्या खजिन्यातली बोरमाळ

शाळेच्या नाटकात दीपाला आंद्वारीचं काम मिळालं. उत्तर युरोपातल्या नॉर्स पुराणातला हा बुटका धबधब्याखाली सोनं राखत बसतो. लोकी नावाचा लबाड देव ते लुबाडतो, शेवटची अंगठीसुद्धा सोडत नाही. मग बुटका शाप देतो, की हे सोनं ठेवून घेईल त्याचं वाटोळं होईल.

खजिन्यासाठी घरून दागिने पाठवा, अशी बाईंची चिठ्ठी आली. ईडन प्रेरी या अमेरिकेतल्या गावातल्या बाकी आयांनी प्लॅस्टिकच्या माळा दिल्या. सुहासिनीने मात्र आईची बोरमाळ काढून दिली. लेकीच्या खजिन्यात खोटं सोनं? छे! आईची तेवढीच एक वस्तू तिच्याकडे उरली होती, तरीही.

"अगं, खोटं दे काहीतरी," प्रल्हाद म्हणाला. पण नवऱ्याचं ऐकलं तर ती सुहासिनी कसली!

दीपाने शाप असा खणखणीत दिला, की पुढच्या रांगेतलं एक पोर रडायलाच लागलं. नाटक संपल्यावर बाईंनी, सगळं खोटंच समजून, हौसेने सगळा खजिना मुलांना वाटून टाकला.

"मॉम, एव्हरीबडी टुक वन!" दीपा आनंदाने सांगत आली आणि सुहासिनीने धावत जाऊन बाईंना गाठलं.

बाईंनी घरोघरी फोन केले. तीन दिवस काही पत्ता लागला नाही. प्रल्हाद एका शब्दाने बोलला नाही, हे त्याचे उपकारच.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात बर्फाने माखलेल्या मिसेस हाल्वरसन, दीपाच्या वर्गातल्या एका मुलीची आजी. त्यांनी रुमाल उलगडला. आत बोरमाळ होती.

"आज नातीच्या गळ्यात दिसली," त्या म्हणाल्या. "मी आयुष्यभर विणकाम केलंय. इतक्या निगुतीनं गाठवलेली माळ खोटी नसते."

सुहासिनीला काय करू नि काय नको असं झालं. तिने त्यांना बुटांसकटच पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं. घरात नारळ नव्हता, म्हणून तांदूळ आणि सफरचंद घेऊन ओटी भरली. म्हातारीने काही न विचारता कोटाचा घेर पसरला.

मग सुहासिनी वाकली. आई गेली तेव्हा तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेवटचा नमस्कार राहूनच गेला होता. त्या ओल्या बुटांवर तिने डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.